चार हिरव्या ओळी

बजाबाई दुकानात शिरली की मी आधी खुर्ची पुढे करतो आणि मग मनातल्या मनात उजळणी सुरू करतो. कारण बाई औषध क्वचित घेते, परीक्षा मात्र दर वेळी घेते.

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासावर आमचा फाटा येतो. तिथं माझं कृषी सेवा केंद्र आहे. माझं बी.एस्सी. ॲग्रीचं प्रमाणपत्र गल्ल्याच्या वर काचेत लावलेलं आहे, आणि त्यावर 'हृषीकेश' हे नाव ठळक आहे. बजाबाई चौथी शिकलेली. ती मला 'डाक्टर' म्हणते आणि त्या शब्दावर असा काही जोर देते की माणसानं हुरळून जाऊ नये. गाव तिला आत्या म्हणतं, म्हणून मीही म्हणतो.

एकदा आली, बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "डाक्टर, दाराशी ठिवल्यालं रोप दाराकडंच का वाकतंय?"

"प्रकाशानुवर्तन म्हणतात त्याला, आत्या."

"नाव इचारलं न्हाय मी. का वाकतंय ते इचारलं."

मग मी नीट सांगितलं. खोडाच्या ज्या बाजूला उजेड पडत नाही ती बाजू जास्त वाढते, लांब होते. एक बाजू लांब, एक आखूड. मग शेंडा उजेडाच्या दिशेला झुकतो. तिनं हाताचं बोट वाकवून बघितलं, सरळ करून बघितलं.

"मंजी काम अंधारातली बाजू करती," ती म्हणाली, "आन नाव उजेडाचं हुतंय."

एवढं बोलून उठली आणि काहीही न घेता निघून गेली. माझं गिऱ्हाईक असं आहे.

तिची गोष्ट गावाला तोंडपाठ आहे आणि ती स्वतःही लपवत नाही. सतराव्या वर्षी माळशिरसकडं लग्न होऊन गेली, उसाच्या घरात. पाच वर्षं मूल झालं नाही. मग एक दिवस चार पाहुण्यांसमोर सासू तिला वांझ म्हणाली आणि नवरा पान चघळत बसून राहिला. भाऊ कोंडीबा जाऊन तिला घेऊन आला. विहिरीजवळचं वीस गुंठे रान त्यानं तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे तुजं. कर काय करायचं ते."

तिनं शेवंती केली. कुठूनशा बारा काश्या आणल्या होत्या. जुन्या झाडाच्या बुडातून जे नवे कोंब फुटतात त्यांना काश्या म्हणतात, शेवंती त्यांच्यापासूनच लावायची. दर हंगामात रानात जे झाड भरून फुलेल, लवकर मावळणार नाही, त्याला ती चिंधी बांधायची आणि पुढच्या वर्षी फक्त चिंधीच्या झाडांच्या काश्या लावायची. असं तीस-पस्तीस वर्षं चाललं. आज त्या पिवळ्या, हळदीच्या रंगाच्या, घट्ट पाकळीच्या शेवंतीला अक्कलकोट तालुक्यात 'बजाबाईचं बेणं' म्हणतात.

बेणं द्यायची तिची रीत वेगळीच आहे. काश्यांची जुडी ओल्या गोणपाटात बांधते, वर हळदकुंकवाचं बोट लावते आणि नेणाऱ्याला विचारते, "पानी किती? सावली कुनाची पडती? शेजारी काय लावलंय?" मुलगी द्यायला निघालेला बापसुद्धा इतकं विचारत नसेल. उत्तरं पटली नाहीत तर जुडी परत आत जाते. आणि एक अट असते. त्या रोपांची पहिली पाटीभर फुलं विकायची नाहीत. ती बजाबाईकडं आणायची आणि तिच्या पदरात ओतायची. गाव त्याला लेकीचं माहेरपण म्हणतं. आधी चेष्टेनं म्हणत होतं. दसऱ्याच्या सुमाराला तिच्या ओसरीत अशा पंचवीस-तीस पाट्या येतात. ती एकेक फूल फिरवून बघते, कुणाचं पाणी जास्त झालंय, कुणी खत उशिरा घातलंय ते तोंडावर सांगते आणि सगळी फुलं वस्तीतल्या बायकांना वाटून टाकते.

या बाईचा स्वतःवर केवढा भरवसा, ते एका ज्वारीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला आणि शिवारातली सगळी ज्वारी एका रात्रीत आडवी झाली. अजून निसवायची होती, म्हणजे कणसं बाहेर पडली नव्हती. लोक सकाळी उठून धाटं उचलून उचलून चार-चारच्या पेंड्या बांधायला लागले. आमचे सरपंच आबासाहेब स्वतः धोतर खोचून उतरले. बजाबाई बांधावरून ओरडली, "बांदू नगा! पेरात अजून जीव हाय. ते आपलं आपन उटतंय."

कुणी ऐकलं नाही. बांधताना निम्मी धाटं हातातच मोडली. कोंडीबाची ज्वारी मात्र तिनं कुणाला शिवू दिली नाही. आठ-दहा दिवसांत प्रत्येक धाट पेरापाशी कोपर मोडल्यासारखं वाकलं आणि वर निघालं. जमीन कुठं आणि आभाळ कुठं हे आडव्या पडलेल्या ज्वारीलाही कळतं. पेराची खालची बाजू वाढते आणि धाट वर उचललं जातं. आबासाहेबांनी ते रान येता-जाता बघितलं आणि ती गोष्ट मनात ठेवली.

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

गावाला उंच खांबावरचा एक हायमास्ट दिवा मंजूर झाला. आबासाहेबांना तो मारुतीसमोर हवा होता. मारुतीसमोरच त्यांचं घर आहे हा निव्वळ योगायोग. ग्रामसभेत बजाबाई उभी राहिली. फाट्यावर संध्याकाळच्या एस.टी.नं पोरी उतरतात, तिथं मिट्ट काळोख असतो. फुलं तोडायला बायका उजाडायच्या आत येतात, तोंडात बॅटरी धरून तोडतात, आणि आदल्या वर्षी तिलाच विंचू चावला होता. दिवा फाट्यावर, तिच्या बांधाच्या कोपऱ्यावर पाहिजे. ती तासभर भांडली. हात वर झाले तेव्हा आबासाहेबांच्या सुनेचाही हात वर होता.

आषाढात दिवा लागला. बजाबाईनं खांबाला नारळ फोडला. पोरी निवांत उतरायला लागल्या, बायकांच्या तोंडातल्या बॅटऱ्या गेल्या, आणि बजाबाई महिनाभर गावातून जिंकल्यासारखी हिंडली.

भाद्रपद उजाडला. सगळ्यांच्या शेवंतीला कळ्या दिसायला लागल्या. बजाबाईच्या शेवंतीला नाही.

ती एक फांदी घेऊन दुकानात आली. पानं हिरवीगार, काळपट म्हणावीत इतकी. खोड जाड. रोग नाही, कीड नाही. मी प्रमाणपत्राखाली बसून फांदी उलटी-सुलटी केली आणि कळ्या धरायची फवारणी दिली. दहा दिवसांनी रोपं आणखी वीतभर वाढली आणि कळी एक नाही. मी दुसरी फवारणी दिली. ती फवारणी तिनं माझ्याकडं रोखून बघत घेतली. आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी ईरप्पा आला. हा दुधनीचा. बारा वर्षं तिच्याकडून काश्या नेतो आणि त्याच्या मागं त्या भागातले वीसेक जण नेतात. तो 'चांगलं' म्हणाला की ते नेतात, तो थांबला की ते थांबतात. माणूस सरळ आहे, पण बोलायला फटकळ. येताना तो पहिली पाटी घेऊन आला होता. ओसरीत पाटी ठेवली आणि सहज रान बघायला गेला. परत आला तेव्हा चेहरा पडलेला. माझ्या दुकानासमोर चहाच्या गाड्यावर आठ-दहा माणसं होती. मी होतो. बजाबाई होती.

"अक्का," तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. माझ्याकडं यंदा फुललं खरं, पण मूळ बेणं म्हातारं झालं बघ. वांझ झालं तुझं बेणं. फुडच्या साली मी दुसरीकडनं आणतो. मागच्या लोकांनाबी काय सांगायचं ते सांगावंच लागतंय की."

त्याला तिच्या सासरची गोष्ट ठाऊक नव्हती. आम्हाला होती. गाड्यावर कुणी चहाचा घोट गिळला नाही.

बजाबाईनं पदर खांद्यावर घेतला आणि ती रानाकडं चालायला लागली. मला ईरप्पाचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. त्या वीस जणांच्या पाट्या थांबल्या असत्या तर तिच्या ओसरीत दसऱ्याला काय उरलं असतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन आला. "डाक्टर, रानात या. औशद आनू नगा."

मी गेलो. ती विहिरीजवळ, मोटारीच्या खोलीपाशी उभी होती. दिवा नुकताच लागला होता. खोलीची सावली शेवंतीवर पडली होती. खोलीपाशी अरुंद आणि लांब जाईल तशी रुंद.

"वाका आन बघा," ती म्हणाली.

वाकलो. सावलीतल्या प्रत्येक रोपाला कळ्या होत्या. हरभऱ्याएवढ्या, घोसानं. सावलीची कड जिथं संपत होती तिथं कळ्या संपत होत्या.

"दिसा बगितलं तवा वाटलं, हिरीची वल हाय म्हनून आल्या. पर वल अशी तिरपी कशी जाईल? आता दिवा लागला तवा कळलं. ही दिव्याची सावली हाय. पार तिकडं वड्याच्या कडंला बी कळ्या हायत. तितं दिवा पोचत न्हाय."

मी बांधावर बसलो. कॉलेजात दहा मार्कांचा प्रश्न होता आणि मला आठ पडले होते. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान झाले, रात्र मोठी झाली, मध्ये उजेडाचा खंड पडला नाही की ती कळी धरते. रात्रभर उजेड असला तर तिच्या हिशोबी अजून उन्हाळाच चालू असतो, मग ती नुसती वाढत राहते, पानं काढत राहते. मी हे सगळं तिला सांगितलं. वीस गुंठ्यांवर झगझगीत दिवा बघत मी दोन वेळा फवारणी विकली होती, हेही मान खाली घालून सांगितलं.

"रात मोजती ती?"

"हो."

"आन म्या तिला दोन-अडीच म्हैने रातच दावली न्हाय." ती दिव्याकडं वळली. "आबासायबाशी भांडून आनला की वो मी."

मला तिची दया आली आणि दयेपोटी माणूस मूर्खपणा करतो. मी म्हणालो, "आत्या, खांबाला एका बाजूनं पत्रा लावून घेऊ. कळ्या आल्या की सांगू, डाक्टरच्या औषधाला गुण आला. दिव्याचं नाव काढायची गरज नाही."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझं प्रमाणपत्र आठवलं.

"आन उद्या दुसऱ्या कुनाच्या बांदाला दिवा लागला, तर तो तुमचं औशद मारत बसंल. चुकी माजी हाय. मीच सांगनार."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली होती, तिथं ती गेली आणि उभ्या-उभ्या सांगून टाकलं. दिवा मीच मागितला, माझ्या हट्टानं आला, आणि माझी शेवंती त्यानंच अडवली. आबासाहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला वर्णन करता येणार नाही. ज्वारीची परतफेड व्हायला इतकी वर्षं गेली होती.

"मग काढू की खांब हितनं," ते म्हणाले. "मारुतीम्होरं जागा हायच. बजाबाई, आदीच ऐकलं आसतं तर?"

"खांब हलनार न्हाय. पोरी उतरत्यात तितं. माज्या रानाच्या बाजूला पत्रा मारा, रस्त्याकडं उजेड ऱ्हाऊ द्या."

मागून कुणीतरी हसलं. "दिव्यानं फूल अडतंय व्हय? बेणं बिगाडलं म्हना की सरळ."

बजाबाई वळली. मला वाटलं आता याचं काही खरं नाही. पण ती शांत होती.

"पत्रा सगळ्या रानाला लावू नगा," ती म्हणाली. "चार वळी उजेडातच ऱ्हाऊ द्या. तेच बेणं, तेच पानी, तेच खत. मार्गशीर्षात समद्यांनी या आन बघा. ईरप्पाला बी फोन करते."

चार ओळींची फुलं गेल्यात जमा होती आणि तिला ते माहीत होतं. वाटेत मी तिला म्हणालो, "कशाला? हंगाम अर्धा तसाही गेलाय." तर म्हणाली, "माज्या बोलन्यावर त्यांनी इस्वास का ठिवावा? झाडाला बोलू दे."

पंचायतीचा वायरमन वर चढला आणि तिनं खालून जिथं बोट दाखवलं तिथं पत्रा बसवला. सावली चार ओळी सोडून बाकीच्या सगळ्या रानावर गेली. सावलीच्या कडेच्या दोन ओळींवर उजेड सांडत होता, तर ती रोज दिवस मावळताना जुन्या साड्यांचा पडदा ओढायची आणि सकाळी काढायची. एक संध्याकाळ चुकली नाही. दसरा गेला, तिच्या रानातून तोरणाला पाटीभरही फुलं गेली नाहीत. आलेल्या पाट्या रीतीप्रमाणं वाटून टाकून ती बाजारातली फुलं विकत आणून दाराला बांधताना मी बघितली. विचारायची माझी छाती झाली नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आल्या," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी घरोघर पूजा मांडलेली असते आणि फुलांची मारामार असते. बाकीच्यांची शेवंती तोवर उतरून गेलेली. त्या सकाळी बजाबाईचं रान बघायला मी दुकान बंद ठेवून गेलो. अंधारातलं सगळं रान पिवळंधमक झालं होतं. बांधाकडेच्या चार ओळी कमरेएवढ्या वाढलेल्या आणि नुसत्या हिरव्या. एखाददुसरी वेडीवाकडी कळी सोडली तर काही नाही. पिवळं जिथं संपत होतं तिथं हिरवं सुरू होत होतं. मध्ये फक्त एक पाट होता.

आबासाहेब आले, पाटावर उभे राहिले, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. "आता पत्रा कायमचा ऱ्हाऊ द्या," एवढंच बोलून गेले.

ईरप्पा सगळ्यात शेवटी आला. त्यानं बूट बांधावर काढून ठेवले आणि अनवाणी आत शिरला. पिवळ्या ओळीतलं रोप हाताळलं, मग हिरव्या ओळीतलं. बुडापाशी बसला, पानं चुरगाळून वास घेतला. दोन्हींचा वास एकच. मधल्या काळात कुणीतरी त्याला माळशिरसची गोष्ट सांगितली असावी. कारण तो उठला तेव्हा त्याला बजाबाईकडं बघवेना.

"अक्का, तप्पायतु," तो म्हणाला. गडबडला की त्याला मराठी सुचत नाही, कानडीच तोंडात येतं. मग मराठीत म्हणाला, "चुकलं माझं. तसं बोलायला नको हुतं मी."

"चुकलं मंजी काय, दिसलं तसं बोललास." तिनं कमरेची चिंध्यांची पिशवी काढली. "किती पायजेत फुडच्या साली?"

"आदीच्याएवढ्या. सगळ्यांच्या."

मला वाटलं ती पिवळ्यात जाईल. ती पाट ओलांडून हिरव्या चार ओळींत शिरली आणि एकेका रोपाला चिंधी बांधत चालली. ईरप्पा बघतच राहिला.

"अक्का, ही तर..."

"हीच. ज्यास्नी वांझ म्हनलास तीच देनार तुला. न्हेतोस का न्हाय, बोल."

"नेतो."

"तुज्या रानात दिवा हाय?"

"इल्ला, अक्का."

"मग फुलत्याल."

ज्येष्ठात त्यानं काश्या नेल्या. तिनं गोणपाटात बांधून दिल्या, हळदकुंकू लावलं, पाणी किती, सावली कुणाची, सगळं नव्यानं विचारलं. बारा वर्षांच्या गिऱ्हाइकानं पहिल्यांदा आल्यासारखी सगळी उत्तरं दिली. मध्यंतरी मी दुकानात एक पाटी लावली आहे, 'शेवंतीला कळी नसेल तर औषध मागण्याआधी रानात रात्री दिवा पडतो का ते बघा.' बजाबाईनं ती वाचली, 'बघा'खाली बोटानं रेघ मारली आणि म्हणाली, "आता पास झालासा, डाक्टर."

या दसऱ्याच्या तीन दिवस आधी दुधनीचा टेम्पो फाट्यावर थांबला. ईरप्पा उतरला. डोक्यावर पाटी, वर ओलं फडकं. बजाबाई ओसरीत बसून आलेल्या पाट्यांतली फुलं निवडत होती, मी समोर बसून बोलणी खात होतो. त्यानं पाटी तिच्यापुढं ठेवली आणि फडकं बाजूला केलं. घट्ट पाकळीची, हळदीच्या रंगाची, ओतू जाईल इतकी भरलेली.

"अक्का, त्या चार ओळीतल्या हायत," तो म्हणाला. "तुझ्या लेकी म्हायेराला आल्या बघ."

बजाबाईनं एक फूल उचललं. फिरवून बघितलं, देठ चिमटीत दाबून बघितला. मी वाट बघत होतो की आता पाणी जास्त झाल्याचं सांगेल. बसल्या जागी तिनं पदर दोन्ही हातांनी पसरला. ईरप्पा पाटी उचलून तसाच घुटमळत उभा राहिला.

"वत की," ती म्हणाली. "समदी वत."

त्यानं ओतली. पदर भरला, फुलं गुडघ्यांवरून ओसरीत सांडली. ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिनं पुसलं नाही, कारण दोन्ही हात पदराला गुंतले होते.

थोड्या वेळानं तिनं नाक ओढलं आणि ईरप्पाला म्हणाली, "पानी जरा जास्तीच झालंय. बस, च्या पिऊन जा."